पांढऱ्या कार्डाचे उंदीर

मॅडम,

शनिवारी तुमची शोकसभा झाली आणि मी तुमच्यावर चिडूनच घरी आलो. गेलेल्या माणसावर चिडू नये, हे मलाही कळतं. पण तुम्ही हयात होतात तेव्हा बावीस वर्षं मी नेमानं चिडत आलो. तुम्हाला जाऊन आता कुठं पंधरा दिवस होतायत, एवढ्यात ती सवय सुटायची नाही.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर तुमचा फोटो होता आणि त्यात तुम्ही हसत होतात, म्हणजे तो निवडणाऱ्यानं तुम्हाला परीक्षेच्या टेबलापलीकडं कधी पाहिलेलं नसणार. चौघं बोलले. चौघांनीही तुम्हाला मायाळू ठरवलं. तोंडी परीक्षेत तुमच्यासमोर रडलेली निदान डझनभर माणसं त्यावर माना डोलवत बसली होती. इथपर्यंत मी सहन केलं. मग डीनसाहेब उठले. ते नवे आहेत, भले आहेत, तुमच्याविषयी त्यांना मनापासून आदर आहे, आणि सगळा घोळ त्या आदरापायीच झाला. ते म्हणाले, सुजातामॅडमनी याच कॉलेजात बसून, आपल्या माळरानावरच्या एका पाल्यातून मधुमेहावरचं औषध शोधलं होतं. काही तांत्रिक कारणांमुळं ते काम तेव्हा मागं पडलं. आता चिकलठाण्यातला एक कारखाना त्याची गोळी काढायला तयार आहे आणि खोक्यावर मॅडमचं नाव असेल. पुढच्या महिन्यात तुमच्या नावाच्या प्रयोगशाळेचं उद्घाटन आहे, तेव्हा पहिलं खोकं तुमच्या बहिणीच्या हातात द्यायचं. टाळ्या पडल्या. तुमची बहीण रडली.

त्यानंतर माझं नाव पुकारलं. 'प्राध्यापक मॅडमचे पहिले विद्यार्थी, श्री. जाधव, दहा मिनिटं.' मी उभा राहिलो, तुम्ही मला काचेची नळी कशी धुवायची ते सलग तीन दिवस शिकवलंत तो किस्सा सांगितला, लोक हसले, मी खाली बसलो.

त्या पाल्यात काही नाही, मॅडम. हे तुम्हाला माहीत होतं, आपल्या विभागातले शिपाई काशिनाथमामा यांना माहीत आहे आणि मला माहीत आहे. तुम्ही गेलात. मामा ऐंशीला टेकलेत, त्यांना कोण विचारतंय. राहिलो मी. आणि मी तोंड उघडायचं म्हटलं तर 'तुम्हाला कसं माहीत' याच्या पाठोपाठ 'कधीपासून माहीत' हेही सांगावं लागणार. माझं पोट कशावर चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. चिकलठाण्यातल्याच दुसऱ्या एका औषध कारखान्यात मी गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. नोंद खरी आहे अशी माझी सही पडल्याशिवाय तिथून एक गोळी गेटाबाहेर जात नाही. हा माणूस दिसलेलं दडवत नाही असं लोक धरून चालतात, म्हणून त्या सहीला मोल आहे.

शोकसभेत काय सांगितलं यापेक्षा काय सांगितलं नाही, याचा मला जास्त राग आला. गुरुवारबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

औषधशास्त्राच्या प्राध्यापकानं वर्गात शिकवावं, उंदरांवर प्रयोग करावेत आणि पेशंटच्या वाटेला जाऊ नये, असा तेव्हाचा रिवाज होता. तुम्ही ओपीडीच्या दाराशी लाकडी टेबल टाकून बसलात. दर गुरुवारी पेशंटनं घरात असतील नसतील तेवढ्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या आणि त्या टेबलावर ओतायच्या. मोठे डॉक्टर जाता-येता म्हणायचे, 'काय मॅडम, आज मंडईत काय ताजं?' तुम्ही मान वर करायचा नाहीत. लोक पिशवी आणायला विसरतात म्हटल्यावर तुम्ही गुलमंडीतून कटपीस आणून पिशव्याच शिवून घेऊ लागलात. तिथले कापडवाले चाचा तुम्हाला लांबून पाहिलं की आत आवाज द्यायचे, 'मॅडम आये, थैल्यांका कपडा निकालो.'

जालना रोडवरच्या एका खेड्यातली आजी मला अजून आठवते. उठलं की चक्कर येऊन पडायची. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडेना. तुम्ही तिची पिशवी उलटी केलीत, झटकलीत आणि दोन गोळ्या बाजूला सारल्यात.

'आजी, ही पांढरी कशाची?'

'बीपीची.'

'आणि ही गुलाबी?'

'ती बी बीपीचीच. पांढरी सरकारी दवाखान्यातली, गुलाबी आमच्या गावच्या डाक्टरची. दोघं बी लई चांगले हायत. कुनाचं मन मोडू, बाई?'

दोन्ही एकच औषध होतं. आजी दोन डॉक्टरांचं मन राखायला दुप्पट डोस घेत होती. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिला म्हणालात, 'आजी, डॉक्टरांचं मन मी सांभाळते, तुम्ही फक्त पांढरी घ्या,' आणि रजिस्टरात ओळ लिहिलीत. अशी सतरा रजिस्टरं भरली. आज आपल्या रुग्णालयाच्या केसपेपरवर 'घरी चालू असलेली औषधं' असा रकाना आहे, तो तुम्ही भांडून घालून घेतलात. रोज तो भरला जातो आणि तो कुठून आला हे भरणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नाही. न पडलेल्या माणसाची बातमी होत नाही, मॅडम. पाल्याची होते.

पाल्याची बातमी झाली त्यात माझाच हात होता. आता सगळं पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला बरंचसं माहीत आहे, तरी ऐका. तुम्ही बावीस वर्षं माझं एवढं ऐकून घेतलंत, अजून थोडं.

मी तुमच्याकडं पीएच.डी.ला आलो तेव्हा विभागात तुमच्यासारखं कुणी आधी बसलेलंच नव्हतं. वस्तीतल्या शाळेतून निघून औषधशास्त्राच्या प्रमुखाच्या खुर्चीपर्यंत आलेल्या तुम्ही पहिल्या. गावी वडिलांना सांगितलं, गाईड लई हुशार आहेत. त्यांनी विचारलं, 'आडनाव काय?' मी सांगितलं. ते बैलांना पाणी पाजायला उठून गेले. मी त्यावर काही बोललो नाही. गप्प बसायचं मला तेव्हापासून जमतं.

तुम्ही सगळ्यांना अहो-जाहो करायचात. मला 'जाधव', आणि उंदीरखान्यातल्या शिपायाला 'काशिनाथराव'. कागदोपत्री ते प्राणिगृह होतं, पण बोलताना सगळेच उंदीरखाना म्हणायचे. मामा तिथं सकाळी सहाला यायचे, पिंजऱ्यांतला भुसा बदलायचे, पाणी भरायचे आणि उंदरांशी घरच्यासारखं बोलायचे. प्रयोग साधा होता. सगळ्या उंदरांना आधी मधुमेह करायचा. मग अर्ध्यांना पाल्याचा अर्क द्यायचा, त्यांच्या पिंजऱ्याला हिरवं कार्ड. उरलेल्या अर्ध्यांना नुसतं पाणी, त्यांना पांढरं कार्ड. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी सगळ्यांचं खाणं काढून घ्यायचं आणि सकाळी आठला, उपाशी पोटी, शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजायची. पाल्याचं नाव मी इथंही लिहीत नाही. लिहिलं तर उद्या लोक उपटून खातील.

हिरव्या कार्डांची साखर कमी निघाली. दुसऱ्यांदा प्रयोग केला, पुन्हा कमी. फरक असा की माझ्या हाताला घाम सुटला. तुमचा नियम होता, तिसऱ्यांदा केल्याशिवाय काहीही छापायचं नाही. मी तुमच्या मागं लागलो. दुसरं कुणी आधी छापेल, माझं वय चाललंय, घरचे लग्नासाठी थांबलेत, काय काय बोललो. तुम्ही आयुष्यात एकदाच तुमचा नियम मोडलात, तो माझ्यासाठी. निबंध छापून आला. पाठोपाठ पेपरात बातमी आली, तुमचा-माझा पिंजऱ्याशेजारी उभा फोटो आला. वडिलांनी तो कापून भिंतीवर लावला.

आणि तरी तुम्ही तिसरा प्रयोग लावलातच. त्याच दिवसांत मामांच्या मुलीचं लग्न निघालं, ते गावी गेले, पिंजरे दुसऱ्या शिपायानं सांभाळले. फरक निघाला नाही. हिरवं कार्ड, पांढरं कार्ड, साखर सारखीच. मी म्हणालो, अर्क जुना झाला असेल. मामा परत आल्यावर चौथ्यांदा लावलंत आणि सकाळी साडेपाचला उंदीरखान्यात पोत्यांच्या आड स्टूल टाकून बसलात.

सहाला मामा आले. फडक्यातून ज्वारीची भाकरी काढली, चुरली आणि पांढऱ्या कार्डाच्या एकेका पिंजऱ्यात चिमूट चिमूट टाकत निघाले. फक्त पांढऱ्या. तुम्ही उठून समोर आलात, तर त्यांनी लपवलंही नाही.

'मॅडम, हिरव्यावाल्यांना तुमी दवा देता,' ते म्हणाले. 'ह्यांना काय बी देत नाय. आजारी तर हे बी हायत. औशिद नाय तर नाय, घासभर भाकर तरी खाऊ द्या की.'

झालं. आमचा शोध म्हणजे मामांची दया होती. पांढऱ्या कार्डांची साखर भाकरीनं चढत होती आणि शेजारी हिरवी कार्डं आपोआप गुणी दिसत होती. जगात कुठल्या प्रयोगशाळेत असं झालं असेल मला माहीत नाही. आपल्याकडंच व्हायचं हे. समोर एकाला औषध आणि एकाला पाणी देताना पाहून इथल्या माणसाला पांढऱ्या कार्डापाशी राहवत नाही.

तुम्ही तीन दिवसांत निबंध मागं घेतलात. पत्रात मामांचं नाव नव्हतं, भाकरीचा उल्लेख नव्हता, माझं नाव नव्हतं. 'देखरेखीत त्रुटी राहिली आणि तिची जबाबदारी माझी,' एवढंच, खाली तुमची सही. मामांची चौकशी लागली असती, त्यांची निवृत्ती जवळ आली होती, हे मला आज कळतं. तेव्हा मी तुमच्या खोलीत उभा राहून ओरडलो होतो. माझी तीन वर्षं गेली, तुम्हाला काय, तुमची खुर्ची कायम आहे, असं म्हणालो. निदान पहिले दोन प्रयोग वेगळे काढून काही वाचवता आलं असतं, असंही म्हणालो. मग उंदीरखान्यात जाऊन चार लोकांदेखत मामांना म्हणालो, 'तुमच्या एका भाकरीनं माझं आयुष्य नासवलं.' मामा खाली बघत राहिले.

पेपरात मागं घेतल्याची बातमी आली नाही, ती कधी येत नाही. पण कॉलेजात कळलं. त्या दिवशी कँटीनमध्ये एक ज्येष्ठ प्राध्यापक मोठ्यानं म्हणाले, 'सवलतीतून वर आलं की असंच होणार, पाया कच्चा.' टेबलावर आम्ही पाचजण होतो. मी चहात साखर ढवळत राहिलो. आधीच विरघळली होती, तरी ढवळत राहिलो.

आता ते सांगतो, जे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

दुसऱ्या प्रयोगाच्या वेळी एकदा मी पावणेआठलाच रक्त घ्यायला गेलो. पांढऱ्या कार्डाच्या पिंजऱ्यात, भुशात, मला चुरा दिसला. मी तो बोटावर घेतला, वास घेतला. ज्वारीची भाकरी कुणाला ओळखू येत नाही? हिरव्या कार्डाचे पिंजरे पाहिले, तिथं काही नव्हतं. मला त्याच मिनिटाला सगळं कळलं, मॅडम. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग मी भुसा हातानं चाळला, चुरा गोळा केला आणि कचऱ्यात टाकला. वळलो तर दारात मामा बादली घेऊन उभे. आमची नजरानजर झाली. ते काही बोलले नाहीत, मी काही बोललो नाही. मी रक्त घेतलं, आकडे लिहिले. आकडे सुंदर होते. त्यानंतर महिनाभरानं मी तुमच्यासमोर बसून तुम्हाला नियम मोडायला लावला.

मी स्वतःला काय काय समजावलं त्याची यादी देत नाही. एकदाच पडला असेल, दोन्हीकडं पडला असेल, एवढ्याशानं काय होतंय. माणूस स्वतःला पटवायला बसला की वकील लागत नाही.

पुढं मी कॉलेज सोडलं, कारखान्यात लागलो. तरी दर बुद्धपौर्णिमेला तुमच्या घरी खीर खायला येत राहिलो. येताना ठरवून यायचो की आज सांगायचं. आणि आलो की त्याच जुन्या भांडणाला तोंड फोडायचो. तुम्ही घाई केलीत. तुम्ही पूर्ण निबंध मागं घ्यायला नको होता. तुम्ही माझा विचार केला नाहीत. दरवर्षी तेच, फक्त माझे केस कमी होत गेले आणि तुमचा चष्मा जाड. तुम्ही उलट बोलायचा नाहीत. तुमच्यासारखी तोडून बोलणारी बाई माझ्यासमोर एवढी शांत का बसते, हा प्रश्न एवढ्या वर्षांत मला पडला नाही. मला वाटायचं, तुम्हाला अपराधी वाटतंय. सांगताना लाज वाटते, पण मला ते बरं वाटायचं.

यंदा तुम्ही खूप खंगला होतात. वाटी माझ्या हातात दिलीत आणि समोर बसलात. मी नेहमीचं सुरू केलं नाही. तुम्ही माझ्याकडं बघत होतात, हात मांडीवर, काही घाई नसल्यासारखं. शब्द अगदी इथपर्यंत आले होते, मॅडम. मग मी म्हणालो, 'खीर छान झालीय, अजून थोडी घेतो.' तुम्ही उठलात आणि खीर आणलीत.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी मुकुंदवाडीला मामांकडं गेलो. स्टेशनच्या मागं मुलीच्या घरी राहतात. डोळे अधू झालेत, पण आवाजावरून ओळखलं. 'जयभीम सर, या, बसा.' बावीस वर्षांपूर्वी चारचौघांत बोललो होतो त्याची माफी मागायला मी सुरुवात केली, त्यांनी हात हलवला.

'ऱ्हाऊ द्या ते. चुकी माझीच व्हती.'

'मामा, मी चुरा पाहिला होता.'

'व्हय की. मला ठाव हाय. म्हनून तर म्या पुढं बी टाकीत ऱ्हायलो.'

मला कळेना. ते म्हणाले, 'सरांनी बगितलं अन् काय बोलले नाय, म्हंजी चालतंय, असं वाटलं मला. तुमी शिकलेली मानसं. चालत नसतं तर बोलला असता.'

एवढी वर्षं मी समजत होतो की मी फक्त गप्प बसलो. मी परवानगी दिली होती.

'हे तुम्ही कुणाला सांगितलंत का?' मी विचारलं.

'मॅडमला. त्याच सकाळी. त्यांनी इचारलं, अजून कुनाला ठाव हाय का? म्या खोटं कशाला बोलू. म्हनलं, सरांना.'

'मग?'

'मॅडम म्हनल्या, काशिनाथराव, हे आता कुनाला सांगू नका. जाधव येतील अन् सोताहून सांगतील. सांगू द्या त्यांना.' मामा पुढं सांगत गेले. 'दर पौर्णिमेला संध्याकाळी मला खीर घिऊन यायच्या. मी इचारायचो, सर आलते का? आलते, म्हनायच्या. बोलले का काय? तर म्हनायच्या, अजून नाय.'

मी उठून निघालो. मुलीनं चहा ठेवला होता, तो तसाच राहिला.

मॅडम, हे काय केलंत तुम्ही? अनोळखी म्हातारीची पिशवी उलटी करून झटकणारी बाई तुम्ही. तळाशी चिकटलेली अर्धी गोळीसुद्धा नखानं काढून विचारायचात, ही कशाची. आणि मी दरवर्षी तुमच्यासमोर गच्च भरलेला बसायचो, तर मला खीर वाढलीत? कँटीनमध्ये लोक तुमच्या जातीवर घसरत होते तेव्हा माझं नाव सांगायला तुम्हाला एक वाक्य पुरलं असतं. तुम्ही तेही गिळलंत. यात मोठेपणा आहे हे मला दिसतं. पण त्या मोठेपणाखाली मी चिरडलो गेलो, हे तुम्हाला दिसलं नाही का? तुमच्यावर रागावत राहायची सोय तुम्ही मला करून दिलीत आणि मी ती बावीस वर्षं वापरली.

आणि उपकारही आहेत, ते कसे नाकारू? कारखान्यात मी कुणाच्या नोंदीत खाडाखोड दिसली की अख्खा माल थांबवतो. लोक मला खडूस म्हणतात. वरच्या साहेबांचा फोन आला तरी सही करत नाही. हे मला कुणी शिकवलं? तुमच्या त्या पत्रानं. तुम्ही स्वतःच्या नावावर काट मारताना मी पाहिलं होतं, आणि ती काट माझ्या वाट्याची होती हे मला माहीत होतं.

सोमवारी सकाळी मी आमच्या कारखान्यातल्या साहेबांना आधी सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, ते पाणी प्यायले आणि म्हणाले, चौकशी होईपर्यंत तुमची सही थांबवावी लागेल. बरोबर आहे. मीही तेच केलं असतं. मंगळवारी डीनसाहेबांकडं गेलो. त्यांना वाटलं, मी उद्घाटनाच्या भाषणाबद्दल आलोय. सगळं सांगून होईपर्यंत त्यांचा चेहरा उतरला.

'जाधवसाहेब, आता कशाला हे?' ते म्हणाले. 'मॅडमची बदनामी होईल.'

'मॅडमनी चूक आधीच कबूल केलीय, तीही माझी. आता बदनामी व्हायची तर माझी होईल.'

'कारखान्याला काय सांगू? त्यांनी खोकी छापायला टाकलीत.'

'पाल्यात काही नाही म्हणून सांगा. लोक चालू गोळी बंद करून ही घेतील, साहेब. खोक्यावर मॅडमचं नाव पाहून घेतील.'

त्यांनी कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, 'लेखी द्या.' मी तिथंच बसून लिहून दिलं. चुरा कधी दिसला, कुठं दिसला, त्याचं मी काय केलं, खाली पूर्ण नाव आणि हुद्दा. मामांबद्दल एवढंच लिहिलं की माझ्या गप्प बसण्यामुळं त्यांचा गैरसमज झाला. खोकं थांबलं. प्रयोगशाळेला नाव तुमचंच राहणार आहे आणि सतरा रजिस्टरं तिथं कपाटात लागणार आहेत, हे डीनसाहेब स्वतःच म्हणाले. तुमच्या बहिणीला मी घरी जाऊन सांगितलं. त्यांनी मला उठायला सांगितलं. मी उठलो.

स्मृतिअंकासाठी कॉलेजनं माझ्याकडं चार गोड शब्द मागितले होते. त्याऐवजी हे पाठवतोय. छापलं तर छापतील. वडील आता नाहीत, पण गावच्या घरी तो कापलेला फोटो अजून भिंतीवर आहे. शनिवारी जाऊन मी काढणार आहे, आणि बायकोला, पोरांना का काढला ते सांगणार आहे.

ते झालं की कुणालाच सांगायचं राहणार नाही, एक तुम्ही सोडून. यंदाच्या पौर्णिमेला तुम्ही मांडीवर हात ठेवून बसला होतात ते डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्याकडून एक वाक्य यावं म्हणून तुम्ही बावीस वर्षं थांबलात, ते वाक्य तुमच्या मागं पंधरा दिवसांत तीन ठिकाणी सहज बोलून झालं. मला वाटलं होतं तेवढं अवघड नव्हतंच ते. माणसाला एवढा वेळ द्यायचा नसतो, मॅडम. विचारायचं असतं.